उठून जाण्याची सोय

सिगारेट सोडून अजून आठवडाही झाला नव्हता, तेव्हाची एक संध्याकाळ. ताट वाढलेले होते आणि मी त्याकडे नुसता पाहत बसलो होतो. भूक नव्हती असे नाही. दिवसभर हाताला लागेल ते मी तोंडात टाकत होतो, तरीही नेमके जेवायला बसल्यावर घास उचलणे जिवावर आले होते. समोरची माणसे बोलत होती, त्यांचे शब्द कानावर पडत होते, परंतु त्यांतून अर्थ लागत नव्हता. कोणाचा तरी चमचा ताटावर वाजला की तो आवाज मला थेट दातांत जाणवत होता. जबडा आपोआप आवळला गेला होता आणि टेबलाखाली उजवा पाय एकसारखा हलत होता. आईने थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि अगदी साध्या स्वरात ती म्हणाली, "फारच होत असेल तर एक ओढून ये."

मी गेलो नाही. ते वाक्य मात्र मनातून जाईना.

आमच्या घरात हा विषय वर्षानुवर्षे कोणी नावाने काढलेला नव्हता. धुवायच्या शर्टाच्या खिशात लायटर सापडला की आई तो माझ्या टेबलावर, चष्म्याच्या शेजारी, काही न बोलता ठेवून देत असे, आणि मीही तो काही न बोलता उचलत असे. तोंड धुऊन, बोटे साबणाने चोळून मी घरात पाऊल टाकत असे आणि आपल्याला कसलाही वास येत नाही असे सगळे जण दाखवत असत. जिने इतक्या वर्षांत मला कधी अडवले नाही आणि ही गोष्ट मान्य आहे असेही कधी सुचवले नाही, तिने मी सोडल्यानंतर परवानगी द्यावी, यात मला दया दिसली आणि थोडा अपमानही वाटला. त्याहून वाईट म्हणजे, त्या क्षणी ती परवानगी मला अतिशय हवीशी वाटली.

शरीरात तेव्हा काय चालले होते ते मी नंतर वाचून काढले, आणि त्या वाचण्याचा उपयोग झाला हे आधीच सांगून टाकतो. धूर आत घेतल्यापासून साधारण १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचते. ॲसिटिलकोलीन नावाच्या शरीराच्या स्वतःच्या रसायनासाठी मेंदूत जे रिसेप्टर, म्हणजे ते रसायन येऊन बसण्याच्या जागा, असतात, त्यांतल्या काहींवर ते जाऊन बसते, त्यातून डोपामिन हे सुखाची जाणीव देणारे रसायन स्रवते आणि ओढणाऱ्याला बरे वाटते. हे वर्षानुवर्षे चालू राहिले की मेंदू या रिसेप्टरांची संख्याच वाढवून ठेवतो. इकडे रक्तातले निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मे होत जाते. म्हणजे रात्रभराच्या झोपेनंतर ते जवळजवळ संपलेले असते आणि वाढलेले रिसेप्टर वाट पाहत असतात. सकाळची पहिली सिगारेट दिवसातली सर्वांत चांगली का लागते, याचे उत्तर बरेचसे एवढ्यातच आहे. त्या पहिल्या सिगारेटीविषयी, तिच्याबरोबरच्या एकांताविषयी, तेव्हा सुचणाऱ्या विचारांविषयी मी काय काय मानून बसलो होतो! प्रत्यक्षात रात्रीत साचलेली थकबाकी ती चुकती करत होती आणि पुढच्या थकबाकीची नोंदही त्याच वेळी करून ठेवत होती.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल फागरस्ट्रॉम यांनी १९७८ मध्ये व्यसनाची तीव्रता मोजण्यासाठी एक प्रश्नावली मांडली. आज वापरात असलेल्या तिच्या सुधारित रूपात सहाच प्रश्न आहेत आणि त्यांतला सर्वांत बोलका प्रश्न असा आहे की, उठल्यानंतर किती वेळाने तुम्ही पहिली सिगारेट ओढता. पाच मिनिटांच्या आत, असे उत्तर असेल तर सर्वाधिक गुण मिळतात. 'मी काही पाकिटेच्या पाकिटे ओढत नाही' या वाक्यावर माझी बरीच वर्षे निभली होती. या प्रश्नाने त्याला थारा दिला नाही. शिवाय एक साधा हिशेब आहे, जो ओढणारा माणूस कधी करत नाही. दिवसाला २० सिगारेटी आणि प्रत्येकीचे १० झुरके धरले तर दिवसाचे २०० आणि वर्षाचे ७३,००० झुरके होतात. हात ओठांपर्यंत नेण्याचा आणि काही सेकंदांत त्याचे बक्षीस मिळवण्याचा इतका सराव माणूस दुसऱ्या कुठल्याही कृतीचा करत असेल असे मला वाटत नाही. अक्षर गिरवण्याचासुद्धा नाही. म्हणून निकोटिन शरीरातून निघून गेल्यानंतरही हात खिशाकडे जातच राहतो, आणि रिकामा खिसा चाचपून परत आलेल्या त्या हाताचे काय करावे हे कळत नाही.

शेवटच्या सिगारेटीनंतर काही तासांतच शरीर तक्रार करू लागते. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्रास कळसाला पोहोचतो आणि बहुतेकांच्या बाबतीत दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. चिडचिड, अस्वस्थता, उदासी, झोप मोडणे, भूक वाढणे आणि लक्ष न लागणे ही पाठ्यपुस्तकातली यादी आहे. यादीत नसलेल्या किंवा तळाशी बारीक अक्षरांत असलेल्या गोष्टी अधिक हैराण करतात, कारण त्यांची कोणी पूर्वसूचना दिलेली नसते. मला तोंडात फोड आले. पोट साफ होईना, कारण निकोटिन आतड्यांनाही चालना देत असते आणि ती चालना एकाएकी बंद झालेली असते. सोडल्यावर खोकला कमी होईल अशी माझी समजूत होती, तो उलट वाढला. श्वासनलिकेतले केसासारखे बारीक तंतू धुराने निकामी झालेले असतात, ते पुन्हा कामाला लागून साचलेला कफ वर ढकलू लागतात. प्रकृती सुधारण्याची लक्षणे इतकी आजारासारखी दिसावीत, हा या प्रकरणातला खास विनोद आहे. आणि हा आजार असा, की त्यासाठी कोणी रजा देत नाही आणि कोणी भेटायला येत नाही. लोक अभिनंदन करतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात.

सर्वांत जास्त फसवले ते कॉफीने. सिगारेट गेली तेव्हा निदान कॉफी तरी आपली आहे, या विचाराने मी तिचे कप वाढवले. दुपारनंतर माझी बोटे थरथरत. कप बशीत ठेवताना किणकिण होई, छाती धडधडे, आणि रात्री दोन वाजता मी छताकडे पाहत जागा असे. हे सारे सिगारेट सोडल्यामुळे होत आहे, असेच मी धरून चाललो होतो. ते खरेही होते, पण निराळ्या वाटेने. तंबाखूच्या धुरातले काही घटक यकृतातल्या एका एन्झाइमला वेगाने कामाला लावतात, आणि कॅफीनचा निचरा करण्याचे काम याच एन्झाइमकडे असते. म्हणून ओढणाऱ्या माणसाच्या शरीरातून कॅफीन लवकर बाहेर पडते. सिगारेट बंद झाली की काही दिवसांत तो वेग उतरतो, आणि तेवढ्याच कॉफीतून रक्तात पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन राहू लागते. हे काम धुराचे आहे, निकोटिनचे नाही. त्यामुळे सिगारेटऐवजी त्वचेतून निकोटिन देणारा पॅच लावणाऱ्यालाही यातून सुटका नसते. काही औषधांचे प्रमाणसुद्धा याच कारणाने बदलावे लागते, म्हणून नियमित औषधे घेणाऱ्याने सिगारेट सोडताना डॉक्टरांना सांगितलेले बरे. कॉफी निम्म्यावर आणल्यावर माझी रात्र बरीच सुसह्य झाली. ही एवढी उपयोगाची गोष्ट सोडा-सोडा म्हणणाऱ्यांपैकी एकानेही मला सांगितली नव्हती.

झोप लागू लागली तशी स्वप्ने आली. स्वप्नात मी गप्पांच्या ओघात सहज एक सिगारेट पेटवलेली असे, ती अर्धी संपत आल्यावर आपण सोडली आहे हे आठवे, आणि पोटात खड्डा पडे. जागे झाल्यावर काही क्षण खरोखरच ओढली की काय, या शंकेने मी बोटांचा वास घेत असे. सोडलेल्या माणसांना अशी अपराधी स्वप्ने पडणे इतके सर्रास आहे की त्यांचाही अभ्यास झालेला आहे. घ्राणेंद्रिय मात्र जागेपणी परत येत होते आणि त्याचे सगळेच काही सुखाचे नव्हते. एके दिवशी कपाट उघडले तर आत जुना, आंबूस, ओल्या राखेचा वास भरून राहिला होता. इतकी वर्षे मी हा वास अंगावर घेऊन माणसांत वावरलो होतो आणि बोटे साबणाने धुतली म्हणजे झाले, असे समजत होतो.

लिहिण्याचे काम असणाऱ्यांची एक वेगळी भीती असते. सिगारेटीशिवाय विचार चालणारच नाही, अशी ती भीती. मी कागदासमोर बसे, एक वाक्य लिही, आणि दुसऱ्या वाक्याच्या जागी एक पोकळी येई, जिथे पूर्वी काडी ओढण्याचा आवाज असे. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ मध्ये हृदयाच्या तक्रारीमुळे आणि मित्र विल्हेल्म फ्लीस यांच्या सांगण्यावरून सिगार सोडून पाहिली होती, आणि त्या काळातल्या पत्रांत आपल्या हालांचे वर्णन करून ठेवले आहे. सिगारशिवाय आपल्याला काम करता येत नाही, ही त्यांची कायमची तक्रार होती. ते पुन्हा ओढू लागले. १९२३ मध्ये त्यांना तोंडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले, पुढे तिसाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरीही सिगार सुटली नाही. हे वाचून मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो दिलासा, आणि तो काही फार उदात्त प्रकारचा नव्हता. मनाचा इतका तळ ढवळणाऱ्या माणसाला जे जमले नाही ते मला जमत नसेल, तर त्यात माझ्या मनोबलाची मोठीशी नाचक्की नाही, असा तो दिलासा होता.

मनोबल या गोष्टीविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. एका झटक्यात, कसल्याही औषधाविना सोडण्यात एक ऐट असते, आणि ती माझ्यातही होती. आकडे ऐट ठेवू देत नाहीत. कोणतीही मदत न घेता सोडणाऱ्या शंभर जणांपैकी जेमतेम ३ ते ५ जण सहा महिने ते वर्षभर टिकतात. निकोटिनचा पॅच, गम किंवा व्हेरेनिक्लीनसारखी गोळी यांनी ही शक्यता वाढते, हे अनेक चाचण्यांनी दाखवून दिलेले आहे. हळूहळू कमी करण्यापेक्षा एकदम बंद करणे बरे, या म्हणण्याला मात्र आधार आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात सुमारे ७०० जणांपैकी निम्म्यांना ठरल्या दिवशी एकदम थांबायला सांगितले आणि निम्म्यांना दोन आठवडे कमी करत आणायला सांगितले; चार आठवड्यांनंतर पहिल्या गटातले ४९ टक्के आणि दुसऱ्या गटातले ३९ टक्के लोक टिकून होते. परंतु एकदम सोडणाऱ्यांची पाठ थोपटताना एक तपशील गाळला जातो. त्या दोन्ही गटांना निकोटिनचे पर्याय आणि समुपदेशन दिलेले होते. एका झटक्यात थांबणे आणि एकट्याने सोसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मी त्या एकच समजून बसलो होतो. मी औषधाशिवाय निभावले, ते निभले म्हणून. दुसऱ्या कोणाला मी तसे करायला सांगणार नाही.

लांबच्या काळाचे आकडे मला आधीपासून पाठ होते. ब्रिटिश संशोधक रिचर्ड डॉल यांनी १९५१ पासून ५० वर्षे ब्रिटिश डॉक्टरांचा पाठपुरावा केला आणि आयुष्यभर ओढणारे सरासरी १० वर्षे लवकर जातात, तर तिशीत सोडणारे ती जवळजवळ सगळी वर्षे आणि पन्नाशीत सोडणारेही ६ वर्षे परत मिळवतात, असे दाखवून दिले. ही माहिती सकाळी अकरा वाजता फार पटते. रात्री दहा वाजता तलफ आलेल्या माणसाला पुढची चार-पाच मिनिटे कशी काढायची एवढाच प्रश्न असतो. तलफ तेवढाच वेळ टिकते, हे मी घड्याळ समोर ठेवून पाहिले. ती वर चढते, असह्य होते, आणि आपण काहीही केले नाही तरी उतरते. भरभर चालण्याने ती लवकर उतरे, म्हणून मी अवेळी चालायला जाऊ लागलो. मेंदूच्या इन्सुला नावाच्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांची तलफ क्षणात नाहीशी झाली, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन सांगते. त्यांतल्या एकाच्या म्हणण्यानुसार, ओढावेसे वाटणे हेच त्याचे शरीर विसरून गेले होते. पक्षाघात झालेल्या माणसाचा हेवा करण्यापर्यंत मी त्या दिवसांत पोहोचलो होतो, यावरून काय ते समजावे.

आता रागाविषयी.

सिगारेट सोडणाऱ्याच्या रागाला एक उत्तम सबब मिळते. घरातले लोकही ती आनंदाने पुरवतात: त्याने सोडली आहे ना, म्हणून तो असा वागतो आहे. पहिले काही दिवस मीही तेच म्हणत होतो, आणि रिसेप्टरांविषयी वाचल्यावर तर ती सबब शास्त्रशुद्धही झाली. पण आठवडे उलटले, शरीराच्या तक्रारी एकेक करून मिटल्या, आणि राग पूर्ण गेला नाही. विशिष्ट वेळीच तो येई. पैशांचा विषय निघाला की येई. कोणी माझे वाक्य मध्येच तोडले की येई. आईच्या तब्येतीची चर्चा तिच्याच समोर, ती तिथे नसल्यासारखी सुरू झाली की येई. तेव्हा ध्यानात आले की या प्रत्येक प्रसंगी पूर्वी मी उठून बाहेर गेलेलो असे. सिगारेट ओढायला जाणाऱ्याला कोणी 'का चाललास' असे विचारत नाही. वाद तापला, उठा. रडू येईलसे वाटले, उठा. बोलण्यासारखे काही उरले नाही, तरी उठा. पाच-सात मिनिटांनी परत येईपर्यंत विषय बदललेला असतो किंवा निदान आपण शांत झालेलो असतो, आणि त्या शांतीचे श्रेय आपण सिगारेटीला देऊन टाकतो. मी इतकी वर्षे जे बोललो नव्हतो, ते बाहेर जाऊन धुरासोबत सोडून येत होतो. आता बाहेर जायला कारण उरले नव्हते आणि खोलीत बसून राहण्याची मला सवयच नव्हती.

आईचे वाक्य का टोचले होते, ते मला इथे उमगले. मी बाहेर जाऊन आलो की बरा वागतो, हे तिला सगळे माहीत होते. लायटर मुकाट्याने टेबलावर ठेवणाऱ्या त्या बाईने माझ्या उठून जाण्याची नोंद माझ्या कितीतरी आधी घेतलेली होती, आणि त्या संध्याकाळी तिने मला माझी जुनी सोय परत देऊ केली होती. तिच्या दृष्टीने ते सर्वांच्याच भल्याचे होते. त्यात दया होती का? असेल. मला आता ती तितकीशी बोचत नाही. बसून राहण्याची कला मला अजूनही साधलेली आहे असे नाही. कधी कधी मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठतो आणि स्वयंपाकघरात गरज नसताना दोन पेले पाणी पितो. परंतु पाण्याचा पेला फार तर अर्ध्या मिनिटात संपतो आणि परत यावे लागते, हा फरक मोठा आहे. काही भांडणे आता पूर्ण होतात. ती सगळीच चांगल्या तऱ्हेने पूर्ण होतात असे मी म्हणणार नाही, आणि सिगारेट ओढणारा मी घरच्यांना अधिक सोसण्यासारखा वाटत असण्याची शक्यताही नाकारणार नाही.

तलफ अजून येते. दुःखाच्या प्रसंगी येईल असे मी गृहीत धरले होते आणि त्यासाठी कंबर कसून बसलो होतो. दुःखे आली आणि तिच्याविनाच गेली. ती येते आनंदाच्या वेळी. एखादे लांबलेले काम हातावेगळे झाले, अनपेक्षित चांगला निरोप आला, दुरून कोणी जुना मित्र भेटायला आला की हात खिशाकडे वळतो. दुःखाशी सामना करायला माणूस काही ना काही शिकून ठेवतो; आनंद झाल्यावर हातांचे काय करायचे, हे मला सिगारेटीखेरीज कशानेच शिकवले नव्हते. पहिल्या दिवसांतल्यासारखी ही तलफ शरीराला पिळत नाही. 'आता एकाने काय होणार आहे' एवढेच ती अत्यंत सभ्यपणे विचारते. या प्रश्नाशी वाद घालू नये असे माझे मत झाले आहे, कारण वादात तिची बाजू नेहमीच चांगली मांडली जाते. घड्याळाकडे पाहावे आणि मित्राला बोलते करावे.

एका सहकाऱ्याने गेल्या आठवड्यात मला बाजूला घेऊन विचारले की, एकदम बंद केली तर नेमके काय होते. मनोबल किती लागते हे ऐकण्याची त्याची अपेक्षा असावी. मी त्याला सांगितले की कॉफी निम्म्यावर आण, घरच्यांना पहिल्या दोन आठवड्यांची कल्पना देऊन ठेव, तोंडात फोड आले किंवा खोकला वाढला तर घाबरू नकोस, आणि डॉक्टर पॅच किंवा गोळी देत असतील तर ऐट न करता घे. आणि घरात ज्या विषयावरून तू नेहमी उठून बाहेर जातोस, तो विषय कोणता हे आधी पाहून ठेव. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने पाकीट काढले, आत किती उरल्या आहेत ते पाहिले आणि म्हणाला, "बाकी सगळे ठीक आहे, पण कॉफी सोडायला सांगू नकोस." सोडायला नव्हे, निम्मी करायला सांगतो आहे, हे मी त्याला पुन्हा एकदा समजावून सांगितले.